मालकाकडून थेट घेतलेली जुनी डिझेल गाडी, इंदूर : गाडीला तीन स्टार, व्यवहाराला एकही नाही

रिव्ह्यू मोठा झालाय, पण सध्या इंदूरमध्ये कुणी सेकंडहँड गाडी शोधत असेल तर पूर्ण वाचा अशी विनंती आहे, कारण मी गाडी शोधत होते तेव्हा हे सगळं एका जागी लिहिलेलं कुठेच मिळालं नाही. गाडी म्हणजे २०१४ची डिझेल हॅचबॅक, एमपी ०९ पासिंग, फर्स्ट ओनर, २ लाख ८५ हजारांत घेतली. डीलर नाही, दलाल नाही, सरळ मालकाच्या घरी जाऊन व्यवहार. कंपनीचं नाव लिहीत नाहीये कारण दहा वर्षांच्या वर चाललेली गाडी आहे, कंपनीचा यात काही दोष नाही, आणि मालकाचं नाव वकिलांनी नको म्हटलंय म्हणून नाही.

घेतल्यावर महिनासुद्धा झाला नव्हता आणि गाडीचं हेड गास्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्या मधलं सील) गेलं, तेही भर उन्हाळ्यात, घाटात, आई-बाबा मागे बसलेले असताना. पण राग गाडी बंद पडली याचा नाहीये. जुनी गाडी आहे, काहीतरी निघणार, तेवढी तयारी ठेवूनच आपण घेतो, मी पण वीस-पंचवीस हजार बाजूला ठेवले होते टायर, बॅटरी, सस्पेन्शनसाठी. राग याचा आहे की त्या गृहस्थांना माहीत होतं. नुसतं माहीत होतं एवढंच नाही, ते दिसू नये म्हणून गाडीत कामं करून घेतली होती. ती कामं काय होती हे पुढे सविस्तर सांगते कारण खरा उपयोग तिथेच आहे.

आधी थेट मालकाकडून का घेतली ते. जुन्या गाड्यांच्या शोरूममध्ये अशीच गाडी सव्वातीन-साडेतीनला सांगत होते. जानेवारी २०२५पासून डीलरच्या मार्जिनवर जीएसटी १८ टक्के झालाय, आधी छोट्या गाड्यांना १२ होता, आणि दोन साध्या माणसांच्या आपसातल्या व्यवहारावर तो लागत नाही, त्यामुळे मालकाकडून घेतलं की स्वस्त पडतं हे खरंच आहे. शिवाय दिल्लीकडून येणाऱ्या डिझेल गाड्या टाळायच्या होत्या, तिकडे १० वर्षांच्या वरच्या डिझेल गाड्यांवर २०१८ साली सुप्रीम कोर्टाने बंदी कायम केल्यापासून तिथल्या बऱ्याच गाड्या एनओसी घेऊन आपल्याकडे येतात आणि आधी कशा चालल्या ते कळायला मार्ग नसतो. ही गाडी इथलीच, सुदामा नगरमधल्या मराठी घरातली, काका रिटायर्ड, मुलगा बंगलोरला गेला, आता चालवायला कोणी नाही म्हणून विकतायत. बाबा म्हणाले आपल्या माणसाची गाडी आहे, बघून तर या.

बघायला गेलो तेव्हा मी एकटी नव्हते, ओळखीच्या मिस्त्रींना घेऊन गेले होते. मी सकाळची वेळ मागितली होती. काका म्हणाले सकाळी जमत नाही, फिरायला जातो, मग पूजा असते, संध्याकाळी या. संध्याकाळी गेलो तर गाडी गेटबाहेर उभी, बॉनेटवर हात ठेवला तर चटका बसला. "आत्ताच पंपावर जाऊन आलो, म्हटलं मुलगी ट्रायल घेणार तर टाकीत डिझेल असू दे." काकूंनी तोवर चहा आणि शेव आणली. मिस्त्रींना रेडिएटरची कॅप उघडून बघायची होती पण इतक्या गरम इंजिनाची कॅप कोणी शहाणा माणूस उघडत नाही. ऑइलची कॅप काढली, खालून स्वच्छ, ऑइल नवंकोरं. धूर नाही, आवाज नाही, पिकअप ठीक. काकांनी एसी चालूच ठेवला होता, ऊन फार आहे म्हणून. हा एसी लक्षात ठेवा. दुसऱ्यांदा मी परत सकाळचंच विचारलं तर म्हणाले दुसरं एक गिऱ्हाईक टोकन द्यायला बसलंय, तुम्ही आपले म्हणून थांबलोय. आणि व्हॉट्सॲपवर मी सरळ प्रश्न टाकला होता, काका, इंजिनचं काही काम निघालंय का आजपर्यंत, त्यावर त्यांचं उत्तर अजून माझ्या फोनमध्ये आहे, "एक रुपयाचं काम नाही, निश्चिंत रहा".

कागदपत्रं मात्र एक नंबर होती, हे कबूल करायलाच पाहिजे. एम-परिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकून बघितला तर मालक एकच, लोनचा बोजा उतरलेला, इन्शुरन्स चालू, पीयूसी चालू. मीटर पण मागे केलेला नव्हता, ते नंतर सिद्ध झालं. टायरवरचा चार आकडी कोड बघितला, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन साल असतं, चारही टायर दोन वर्षांच्या आतले. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, जुन्या बँकेची एनओसी फाइलमध्ये लावलेली, दोन्ही चाव्या, सगळं एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. डॅशबोर्डवरचा गणपती तेवढा राहू दे म्हणाले, तो गाडीबरोबरच जायला हवा. आता मला हे स्पष्ट दिसतंय की आपल्याकडे गाडी "क्लीन" आहे म्हणतात तेव्हा कागद क्लीन आहेत एवढंच म्हणत असतात. आरटीओला इंजिनशी काही देणंघेणं नाही, ॲपवर हेड गास्केट दिसत नाही.

पाडव्याला गाडी घरी आणली. शहरात अगदी मस्त चालली. लोकमान्य नगर ते विजय नगर रोजचं जाणं-येणं, ट्रॅफिकमध्येसुद्धा डॅशबोर्डवर टेम्परेचर दाखवणाऱ्या काड्या दोनच्या वर गेल्या नाहीत. ॲव्हरेज मात्र अपेक्षेपेक्षा बरंच कमी येत होतं.

मग ओंकारेश्वरला निघालो. ज्यांना रस्ता माहीत नाही त्यांच्यासाठी, इंदूर माळव्याच्या पठारावर साधारण ५५० मीटर उंचीवर आहे आणि ओंकारेश्वर खाली निमाडात, नर्मदेकाठी. म्हणजे तेजाजी नगर, सिमरोल, मग भेरूघाट उतरून चोरल, बलवाडा, बडवाह. जाताना सगळा उतार, इंजिनावर ताणच नाही, गाडी फुलासारखी गेली. दर्शन झालं, जेवण झालं, आणि दुपारी परत निघालो ते निमाडातल्या उन्हात, चार माणसं, एसी फुल, आणि आता सगळी चढण. चोरलच्या पुढे पहिल्यांदा एसीतून गरम हवा यायला लागली. बाबा म्हणाले गॅस संपला असेल, काचा खाली करा. गॅस संपला नव्हता, बऱ्याच गाड्यांमध्ये इंजिन तापायला लागलं की कॉम्प्युटर आधी एसीचा कॉम्प्रेसर बंद करतो, म्हणजे एसी अचानक गार पडायचा थांबला तर टेम्परेचर बघा, हे प्रत्येकाला माहीत असायला हवं. त्यात भर म्हणजे पाणी खूप कमी झालं की सेन्सर पाण्याबाहेर उघडा पडतो आणि तो टेम्परेचर खरं दाखवत नाही, म्हणून काड्या तेव्हाही ठीकच दिसत होत्या. मग एकदम सगळ्या काड्या वर, लाल दिवा, बॉनेटमधून वाफ. गाडी डावीकडे घेतली, इंजिन बंद केलं, आईला सावलीत बसवलं.

एक ट्रकवाला भला माणूस थांबला, पाण्याचा डबा घेऊन आला आणि कॅप उघडायला निघाला, मी त्याला हात जोडून थांबवलं. रेडिएटरचं पाणी प्रेशर कुकरसारखं दाबाखाली असतं, त्या दाबामुळेच ते शंभरला उकळत नाही, १२० डिग्रीच्या आसपासपर्यंत टिकतं, आणि कॅप उघडली की दाब जातो आणि सगळं पाणी एका क्षणात उकळून तोंडावर येतं. हात, चेहरा, डोळे भाजलेली माणसं आहेत. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतायचं पण नाही, हेड ॲल्युमिनियमचं असतं, तडकू शकतं. थांबायचं, दुसरं काही करायचं नाही.

आता इन्शुरन्स. पॉलिसीत रोडसाइड असिस्टन्स होता म्हणून फोन केला, पलीकडून पहिला प्रश्न, पॉलिसी होल्डर बोलतायत का? पॉलिसी अजून काकांच्या नावावर. आरसी नावावर करायला दिलेली होती पण इन्शुरन्सचं ट्रान्सफर आरसी आल्यावर करू असं एजंट म्हणाला होता. इथे लोकांचा फार गोंधळ असतो म्हणून लिहिते, मोटर व्हेइकल ॲक्टच्या कलम १५७ने थर्ड पार्टीचं कव्हर गाडीबरोबर आपोआप नव्या मालकाकडे येतं, पण आपल्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर तसं येत नाही, त्यासाठी व्यवहार झाल्यापासून १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करावा लागतो. आणि नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा, तो त्याच्याबरोबर जातो, आपल्याला तेवढा फरक भरावा लागतो. तरीही हे सगळं वेळेत झालं असतं तरी इंजिनचा खर्च मिळाला नसता, साध्या पॉलिसीत मेकॅनिकल ब्रेकडाउन धरतच नाहीत, झिरो डेप (पार्ट्सचा घसारा न कापणारी) असली तरी नाही. शेवटी सिमरोलहून क्रेन मागवली, ४,५०० रुपये घेतले. टोचन लावून न्यायला एकजण १,५०० मागत होता, पण घाटात दोरीने गाडी ओढायची आणि मागे आई-बाबा, ते मला मान्य नव्हतं.

गॅरेज आमचं भंवरकुआच्या बाजूला आहे, नाव देत नाही कारण उस्तादांनीच नको म्हटलं, आधीच काम झेपत नाही. पण या सगळ्या प्रकरणात मला जर कोणी धीर दिला असेल तर त्यांनी. गाडी रात्रभर थंड होऊ दिली आणि सकाळी माझ्यासमोर उघडली, "मैडम आप खुद देखो, बाद में मत बोलना." पहिली गोष्ट, चावी फिरवली, एसी बंद, इंजिन अजून स्टार्टसुद्धा नाही, आणि रेडिएटरचा पंखा गर्रकन सुरू. तो तसा सुरू व्हायला नको. पाणी ठराविक गरम झालं की कॉम्प्युटर रिलेतून पंखा लावतो, किंवा एसी लावला की लागतो. इथे बॅटरीकडून एक जाड लाल वायर आणून, काळी टेप गुंडाळून, पंखा सरळ चावीला जोडलेला होता. याला मिस्त्री लोक पंखा डायरेक्ट करणं म्हणतात. टेप नवी होती, चिकट होती, बोटाला लागत होती. आता कळलं ना ट्रायलच्या वेळी एसी चालूच का होता? एसी चालू असला की पंखा फिरणारच, मग तो डायरेक्ट आहे हे कोणाला कळणार.

दुसरं, थर्मोस्टॅट व्हॉल्वच काढून टाकलेला. व्हॉल्वचं घर उघडलं तर आत रिकामं. व्हॉल्व नसला की पाणी सतत रेडिएटरमधून फिरत राहतं, इंजिन कधी नीट तापतच नाही, शहरात टेम्परेचर कायम खाली, ॲव्हरेज पडतं. म्हणजे पंखा डायरेक्ट आणि व्हॉल्व गायब, ही जोडी केली की गळकं हेड गास्केट असलेली गाडीसुद्धा राजवाडा-पलासिया आरामात फिरते. लांबची चढण लागली, इंजिनावर लोड आला की मात्र सिलिंडरमधला गॅस गास्केटमधून पाण्यात घुसतो, पाणी बाहेर फेकतो, आणि मग जे झालं ते होतं.

तिसरं, कॅप उघडली तर कूलंट नव्हतंच. साधं गंजलेलं तपकिरी पाणी आणि त्यात चमचमणारा गाळ. उस्तादांनी तो बोटावर घेऊन दाखवला, दोन बोटांत चोळला की बारीक कण टोचतात. रेडिएटरची गळती बुजवायला जे स्टॉप-लीक मिळतं ते, भरपूर टाकलेलं. त्याने हीटरची नळी आणि रेडिएटरचा अर्धा भाग पण चोंदला होता. ऑइल कॅपच्या खाली आता दुधाळ मलईसारखा थर आला होता, म्हणजे ऑइलमध्ये पाणी. विकताना ऑइल नवंकोरं का होतं याचंही उत्तर तेच. मग त्यांनी निळ्या लिक्विडची टेस्ट लावली, रेडिएटरच्या तोंडावर नळी ठेवून इंजिन चालू करायचं, पाण्यात सिलिंडरचा गॅस येत असेल तर रंग बदलतो, आमचा थोड्याच वेळात हिरवट झाला. आणि स्कॅनर लावला तर एरर कोड पुसल्यापासून गाडी किती चालली तोही आकडा त्यात येतो, तो जवळजवळ मी चालवलेल्या किलोमीटरइतकाच होता. म्हणजे मला देण्याच्या आधी कोड पुसलेले.

हेड उतरवलं तेव्हा दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरच्या मधे गास्केट जळालेलं, काळी वाट पडलेली स्पष्ट दिसत होती, तो फोटो मी काकांना पाठवलेल्या वकिलाच्या नोटिशीला जोडलाय. हेडवर सरळ पट्टी ठेवून खाली फीलर गेज घालून बघतात, मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायची गोष्ट असते, आमचं हेड मर्यादेच्या बाहेर वाकलं होतं. काही डिझेल गाड्यांचं हेड घासून चालत नाही, सरळ नवीन टाकावं लागतं आणि मग खर्च दुप्पट, आमचं नशिबाने फेसिंगवर भागलं, तडा नव्हता. नवीन गास्केट किट, हेड फेसिंग, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, रेडिएटर, पंख्याचं वायरिंग पूर्ववत, ऑइल, फिल्टर आणि खरं कूलंट धरून बिल ३८,६०० झालं. प्रत्येक वस्तू घ्यायच्या आधी फोन, काढलेला प्रत्येक पार्ट पिशवीत घालून परत दिला. एकच तक्रार, दिलेली तारीख पाळत नाहीत, रोज "कल पक्का" म्हणतात. काम मात्र सोन्यासारखं. साडेचार स्टार.

काकांना पहिला फोन घाटातूनच केला होता. तेव्हा म्हणाले, "अगं घाटात एसी लावून चालवलीस तर तापणारच ना." गॅरेजमधून फोटो पाठवले तर म्हणाले मिस्त्री लोक पैसे काढायला काहीही दाखवतात. मग म्हणाले स्टॅम्प पेपरवर लिहिलंय की गाडी जशी आहे तशी घेतली, आणि ते खरं आहे, एजंटच्या छापील हिंदी करारात तशी ओळ असतेच, सगळ्यांच्या असते. त्यानंतर फोन उचलणं बंद. मी आणि बाबा घरी गेलो तर काकू दारातच, "ह्यांना बीपी आहे, त्रास देऊ नका." बाबांना त्या दिवशी फार वाईट वाटलं. त्यांनी आयुष्यभर रामबागेतल्या, नारायण बागेतल्या लोकांशी शब्दावर व्यवहार केलेत, कधी कागद केला नाही, आणि वर पाडव्याला पेढ्यांचा बॉक्स घेऊन ते स्वतः या घरी गेले होते. ते घरी येऊन काही बोललेच नाहीत. मला पैशापेक्षा ते जास्त लागलंय.

पुरावा मिळाला तो अगदी साध्या जागी. आरसी माझ्या नावावर झाल्यावर मी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गेले आणि गाडीची सर्व्हिस हिस्टरी मागितली. मालक असल्यामुळे त्यांनी प्रिंट काढून दिली. मीटरचे आकडे ओळीने बरोबर. आणि शेवटची एंट्री जाहिरात टाकायच्या थोडी आधीची, कूलंट कमी होतंय, हेड गास्केट लीक, हेड उघडणं गरजेचं, ग्राहकाने कामास नकार दिला. खाली काकांची सही. म्हणून माझं ठाम मत झालंय की गाडी बघताना आरसीच्या आधी ही प्रिंट मागा. मालक स्वतः वर्कशॉपमधून अगदी सहज काढू शकतो. जो द्यायला टाळाटाळ करतो त्याच्याकडे दुसरा चहा पिऊ नका. आणि इंजिन थंड हवं, रात्रभर उभं राहिलेलं, तुमच्यासमोर कॅप उघडून, एसी बंद ठेवून चावी फिरवून बघायचं. मालक म्हणाला सकाळी जमत नाही तर गाडी सोडा, दुसरी मिळते.

कायद्याचं थोडं, कारण मला चार जणांनी चार गोष्टी सांगितल्या. कंझ्युमर कोर्टात जा असं सगळे म्हणतात, पण २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा व्यापार म्हणून विकणाऱ्याला लागू होतो, घरची एक गाडी विकणारा माणूस दुकानदार होत नाही, तिथे केस टिकणं अवघड. डीलरकडून घेतली असती तर गोष्ट वेगळी. १९३०च्या सेल ऑफ गुड्स ॲक्टमध्येही कलम १६चा साधा नियम हाच की मालाच्या दर्जाची हमी आपोआप नसते. इथपर्यंत ऐकून बहुतेक लोक सोडून देतात. पण १८७२चा कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट आहे, त्याच्या कलम १७मध्ये फसवणुकीची व्याख्या आहे आणि माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकणं त्यात स्पष्ट येतं. नुसतं गप्प राहणं वेगळं आणि पंखा डायरेक्ट करून, व्हॉल्व काढून, कोड पुसून झाकणं वेगळं. हा फरक महत्त्वाचा आहे कारण विकणारा नुसता गप्प राहिला असेल तर तुम्ही नीट बघितलं असतं तर कळलं असतं असं म्हणून तो सुटू शकतो, मुद्दाम झाकलेल्या गोष्टीला ती पळवाट नाही, असं वकील म्हणाले. आणि कलम १९प्रमाणे मी गाडी परत न करता, सांगितलेलं खरं असतं तर मी जिथे असते तिथे मला आणून ठेवा असंही मागू शकते, म्हणजे दुरुस्तीचा खर्च. "जशी आहे तशी" ही ओळ फसवणुकीवर पांघरूण घालत नाही. दाव्याला तीन वर्षांची मुदत असते आणि फसवणुकीत ती कळल्यापासून मोजतात, त्यामुळे घाई नाही. व्हॉट्सॲप चॅट कोर्टात द्यायचं तर जुलै २०२४पासूनच्या नव्या साक्ष कायद्यातल्या कलम ६३चं सर्टिफिकेट लागतं, म्हणून चॅट डिलीट करू नका, फोन बदलू नका.

आरटीओचं थोडक्यात. नायता मुंडलाच्या आरटीओत काम आधी वाटलं त्यापेक्षा सोपं झालं. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा. हे विकणाऱ्यांनी तर जास्त सांभाळा, २०१८मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की आरटीओच्या रेकॉर्डवर ज्याचं नाव तोच मालक धरला जाणार, मग तुम्ही गाडी विकून कितीही दिवस झालेले असोत, त्या गाडीने ॲक्सिडेंट केला तर भरपाई तुमच्या गळ्यात.

गाडीला तीन स्टार का देतेय असं घरात पण विचारलं. कारण गाडी वाईट नाहीये. थर्मोस्टॅट परत बसल्यावर ॲव्हरेज वाढलं, काड्या आता बरोबर मधोमध येऊन थांबतात, पंखा मधूनमधून लागतो आणि बंद होतो, जसा लागायला हवा तसा. त्यानंतर भेरूघाट परत चढले, मुद्दाम दुपारी, एसी लावून, एकटी. काही झालं नाही. हे काम काकांनी स्वतः करून घेऊन ४० हजार जास्त सांगितले असते तरी मी आनंदाने दिले असते, मला तशीच गाडी हवी होती.

वकिलांनी रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवली, दुरुस्ती, क्रेन आणि नोटिशीचा खर्च मिळून मागणी केली. परवा त्यांच्या मुलाचा बंगलोरहून फोन आला, चांगला बोलला, त्याला यातलं काही सांगितलेलं नव्हतं म्हणे. दहा हजार देतो, विषय संपवा म्हणाला. मी त्याला वर्कशॉपची प्रिंट आणि लाल वायरचा फोटो पाठवला आणि सांगितलं की पूर्ण बिल हवंय आणि बाबांना एक फोन हवाय, काकांचा स्वतःचा. बोलून सांगतो म्हणाला. नोटिशीची मुदत अजून आहे, पैसे आले तर ते पण लिहीन, नाही आले तर दावा दाखल झाल्यावर लिहीन.